शिरोरेषेला टांगलेली अक्षरं

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेली एस.टी. नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला पोचते. या रस्त्यावर मी वाहक म्हणून बरीच वर्षं काढली. घरही पहूर पेठेतच. त्यामुळे लेणी बघायला निघालेली परदेशी माणसं मला नवी नव्हती. मुंबईकडून रेल्वेने जळगावला उतरायचं आणि पुढे आमची लाल गाडी पकडायची, असा त्यांचा शिरस्ता. त्यांतले जपानी लगेच ओळखू यायचे. मांडीवर जाडजूड मार्गदर्शक पुस्तक, आणि कुठलंही स्टँड आलं की त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून ते माझ्याकडे बघणार. ‘फारुदापूरु?’ मी हातानेच ‘अजून पुढे’ म्हणून सांगायचो. बोटाखालची अक्षरं मात्र डोळ्यात राहायची. चिनी म्हणावीत, तर रेघांची ती गर्दी नाही. दोन-तीन फटकाऱ्यांत उरकलेली, टोकदार, अगदी मोकळी.

निवृत्त झाल्यावर मी लेकीला ती अक्षरं आठवतील तशी काढून दाखवली. ती पुण्यात जपानी शिकली आणि आता तिथेच दुभाष्याचं काम करते. म्हणाली, “आबा, ही कताकाना. बाहेरून आलेले शब्द, परक्या गावांची न् माणसांची नावं या लिपीत लिहितात. मूळ अक्षरं 46.” वर्गात आधी हिरागाना ही जपानीतली दुसरी लिपी शिकवतात, पण मी कताकानापासूनच सुरुवात करावी, असं तिचं मत पडलं. अक्षर जुळलं की शब्द आपोआप कळतो, कारण तो बहुतेक इंग्रजीतून आलेला असतो. बासु म्हणजे बस. ताकुशी, होतेरु, तोइरे, यांचे अर्थ सांगावे लागत नाहीत.

पहिला शब्द अर्थातच ‘बासु’ लिहिला. दुसरा ‘बानाना’. केळीच्या जिल्ह्यातल्या माणसाने आणखी काय लिहावं? दुकानातून पोरांची चौकटीची वही आणली होती. ओट्यावर बसून एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवायला लागलो. सौ.ने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आता या वयात काय किडामुंगी काढून राह्यले?”

लेकीने पाठवलेला तक्ता बघितला तेव्हा मी हबकलोच. आडव्या ओळीत अ, इ, उ, ए, ओ. खाली क, मग स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपली वर्णमाला! च-वर्गाच्या जागी स, ट आणि त मिळून एकच ओळ, आणि पुढे म-य-र-व अगदी जागच्या जागी. लेकीला विचारलं तर ती हसली. आपल्याकडून बौद्ध ग्रंथ चीनमार्गे जपानला गेले, त्यांच्यासोबत सिद्धम लिपीही गेली. ती आपल्या नागरीच्या नात्यातली. कुकाई नावाचा भिक्षू 806 साली चीनहून परतला, तो सिद्धम शिकूनच. तिकडच्या मठांत या लिपीचा अभ्यास चालायचा. त्या अभ्यासातून जपानी अक्षरं या क्रमाने मांडायची रीत पडली, आणि असे तक्ते अकराव्या शतकापासून सापडतात. कताकानासुद्धा भिक्षूंचीच. चिनी अक्षरांतल्या सूत्रांचा उच्चार ओळींच्या मधल्या जागेत टिपून ठेवायचा, तर जागा कमी आणि घाई फार. म्हणून अख्ख्या अक्षराचा एक तुकडा तेवढा घ्यायचा. टोकदारपणा आला तो त्यातून.

एक मात्र खटकत होतं. प-वर्गाच्या जागी ह कसा? त्याचं उत्तर आमच्या गावाच्या नावातच निघालं. कताकानात अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक टिचक्या दिल्या की कचा ग होतो, तचा द होतो. हला टिचक्या दिल्या की ब, आणि टिचक्यांऐवजी छोटं वर्तुळ काढलं की प. घसा आणि ओठ यांचा हा काय संबंध? तर जुन्या जपानीत ही ओळ पचीच होती. उच्चार पुढे घसरत घसरत हवर आला, पण तक्त्यातली जागा सुटली नाही. त्या ओळीतला हू आता फूसारखा ऐकू येतो. म्हणजे पहूर लिहायचं तर हा काढून त्याच्यावर वर्तुळ, मग फू, मग लांबवण्याची एक आडवी रेघ, शेवटी रु. प आणि हू दोन्ही एकाच ओळीतले. एवढ्या गोष्टी कळल्यावर ती ओळ पाठ करावी लागली नाही.

बाकी ओळी क्रमाने म्हणत गेलो की हात चालायचा. अडला तो चार अक्षरांशी: शि, त्सु, सो आणि अनुस्वारासारखा न्. कताकाना शिकणारा जगातला कोणीही इथे घुटमळतो म्हणे. चौघांचं सामान एकच. शि आणि त्सु यांत दोन आखूड रेघा न् एक लांब, सो आणि न् यांत एक आखूड न् एक लांब. छापलेलं बघितलं तर जुळी भावंडं. मोबाइलवर यासाठी चित्रांच्या युक्त्या मिळतात, शि म्हणजे हसरा चेहरा वगैरे. मला त्या पटल्या नाहीत. चित्र ओळख पटवतं, पण पेन्सिल कुठे टेकवायची आणि कुठे ओढायची हे ते सांगत नाही. आणि इथे सगळा फरक ओढण्याचाच आहे.

वाट सापडली ती आपल्या सवयीतून. देवनागरी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिरोरेषा कायम असते, काढलेली नसली तरी. त्सु आणि सो हे त्या शिरोरेषेला टांगलेले. त्यांच्या आखूड रेघा वरच्या बाजूला एका पातळीत सुरू होतात, आणि लांब रेघ वरून निघून डावीकडे खाली उतरते. शि आणि न् यांचा शिरोरेषेशी संबंध नाही, ते वहीच्या समासाला टेकलेले. आखूड रेघा डाव्या बाजूला, शिच्या तर एकाखाली एक, आणि लांब रेघ खालून निघून उजवीकडे वर चढते. वरून टांगलेलं असेल तर उतरायचं, समासाला टेकलेलं असेल तर चढायचं. मग मी चौकटीची वरची आणि डावी कड लाल पेनने ठळक केली आणि पानंच्या पानं काढली. लेकीने सरावाला शब्द दिला ‘शात्सु’, म्हणजे शर्ट. त्यात शि, त्याला जोडून बारीक या, आणि लगेच त्सु. आधी चढायचं, मग उतरायचं. खाकी शर्ट नोकरीभर अंगावर वागवला, पण त्याचं नाव लिहिताना इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

तिकिटांचा ट्रे होता त्या काळात कुठल्या खणात कितीचं तिकीट हे मला बघावं लागायचं नाही. उभ्या गर्दीत, हलत्या गाडीत बोटं नेमकी तिथे जायची. अक्षराचंही तसंच झालं. डोळ्याने ओळखायच्या आधी हाताला कळायला लागलं.

आमच्या गाडीत बसणारे ते लोक एवढ्या लांबून का येतात, हे तेव्हा मी कधी विचारलं नाही. कारण आता कळतंय. जपानात नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं देऊळ आहे. तिथल्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वाचं नातं जाणकार अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी लावतात. ती चित्रं 26 जानेवारी 1949 ला आगीत करपली. आपला प्रजासत्ताक दिन व्हायच्या बरोबर वर्षभर आधी. जपानात त्या तारखेला आता देवळं-वाड्यांत आगीशी लढण्याच्या कवायती होतात. आराई काम्पो नावाचा चित्रकार टागोरांकडे आला होता. त्याने त्याच मुक्कामात, पहिल्या महायुद्धाच्या काळात, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे 1940 पासून होर्यूजीच्या भिंतींची नक्कल करणाऱ्यांतही तो होता. दोन्हीकडच्या रेघा ज्याच्या हातातून गेल्या, त्याच्याशी बोलायला मला आवडलं असतं.

सध्या मी थांब्यांच्या पाट्या लिहितोय. नेरी सोपं, ने आणि री, दोन्ही लांबवलेले. वाकोदचा शेवट दोवर करावा लागतो, कारण न् सोडला तर त्यांना सुटं व्यंजन चालत नाही. फर्दापूरला फूला जोडून बारीक आ बसवला की फा होतो. जळगावला मात्र घोडं अडलं. ळ नाही, लही नाही, सगळ्यांचा रु. लेक म्हणते, जारुगाओन लिहा. लिहितो, पण मनाला बरं वाटत नाही.

ती आता डिसेंबरच्या जपानी भाषेच्या परीक्षेला बसा म्हणून मागे लागलीय. केंद्र पुण्यात आहे, तिच्याकडे राहणंही होईल. मी चौकशी केली, तर त्या परीक्षेत हाताने एकही अक्षर काढायचं नसतं, उत्तराचे गोल तेवढे काळे करायचे. तिला म्हटलं, अगं, मग माझ्या वह्यांचं काय? फॉर्म अजून भरलेला नाही.