तुणतुण्याची तार

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे गाव बालाघाटाच्या डोंगरावर वसले आहे. तेथील भवानी ही महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. घरात लग्नकार्य झाले, की तिच्या नावाने गोंधळ घालण्याची चाल या घराण्यांत फार जुनी आहे. रात्रीची जेवणे उरकतात. अंगणात चौक मांडून त्यावर कलश ठेवला जातो, दिवटी पेटते आणि पायघोळ झगे घातलेले, गळ्यात कवड्यांच्या माळा ल्यालेले गोंधळी उभे राहतात. नायक देवीला आणि गावोगावच्या दैवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन करतो. संबळ कडाडू लागते. या सर्वांच्या मागे, दिवटीचा उजेड जेथे संपतो तेथे, बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा तुणतुणे घेऊन उभा असतो. त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही.

त्याला स्वतःलाही आपल्या वाद्याचा अभिमान वाटत नसतो. संबळ वाजवणाऱ्याच्या हातांतल्या काठ्या कशा नाचतात! नायकाचा आवाज कसा खोल उतरतो आणि क्षणात कसा उंच चढतो! आपल्या वाट्याला मात्र एकच तार, आणि त्या तारेला एकच सूर. शाळेतले सोबतीही त्याला त्यावरून चिडवतात. त्यांना तरी काय बोल लावावा? मराठी भाषेनेच या वाद्याची थट्टा केली आहे. तेच ते पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाला लोक म्हणतात, ‘लागला आपले तुणतुणे वाजवायला!’

तुणतुण्याची रचना अगदी साधी. आतून पोकळ असा लाकडी नळा. त्याचे वरचे तोंड उघडे आणि खालचे कातड्याने मढवलेले. नळ्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकलेली असते. कातड्याच्या मध्यातून निघालेली पोलादी तार नळ्याच्या पोकळीतून वर येते आणि काठीच्या टोकावरील खुंटीला गुंडाळली जाते. लहानशा काडीने ती छेडली, की कातडे थरथरते व नाद उमटतो.

तारेचा सूर किती उंच लागावा हे तीन गोष्टींवर ठरते: तारेची लांबी, तिची जाडी आणि तिच्यावरील ताण. तार आखूड केली की सूर चढतो. नेमकी निम्मी केली, तर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणजे ‘सा’च्या जागी वरचा ‘सा’ ऐकू येतो. ताण वाढवूनही सूर चढतो. परंतु तेथे हिशेब कठीण आहे. एक सप्तक चढायचे, तर ताण चौपट करावा लागतो. एवढा ताण सोसण्याआधीच तुणतुण्याची तार बहुधा तुटेल, नाहीतर कातडे तरी फाटेल.

लांब तार खाली आणि आखूड तार वर बोलते, हे मर्म माणसाला फार पूर्वी उमगले. पुणे जिल्ह्यातील भाजे येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी आहेत. तेथील एका लेण्यात नर्तकीजवळ बसून धनुष्यासारखे वाकडे वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली दिसते. ती त्या काळची वीणा. पाश्चात्त्य देशांत ज्याला हार्प म्हणतात, त्याच कुळातली. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताने अशीच वीणा मांडीवर घेतलेली आपली प्रतिमा सोन्याच्या नाण्यावर उमटवली होती. या वीणेत प्रत्येक सुराला स्वतंत्र तार लागे. पुढे आपल्याकडे ती मागे पडली. मात्र म्यानमारमध्ये तिची बहीण आजही वाजते.

आजच्या मोठ्या हार्पला ४७ तारा असतात आणि तिचा पल्ला साडेसहा सप्तकांचा आहे. सर्वांत खालची तार सेकंदाला ३० हून थोडी अधिक कंपने पावते, तर सर्वांत वरची ३,००० हून अधिक. माणसाचा गळा सामान्यतः दोन-अडीच सप्तकांत फिरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या पल्ल्याची कल्पना येईल. एवढा पल्ला केवळ लांबीच्या बळावर गाठायचा, तर सर्वांत आखूड तार चार बोटांची धरली तरी सर्वांत लांब तार सुमारे पंधरा हात करावी लागेल! तसे वाद्य कोणत्या दिवाणखान्यात मावणार? म्हणून खालच्या सुरांच्या तारा लांब तर करतातच, शिवाय जाड आणि जडही करतात.

सतार, सारंगी, व्हायोलिन या वाद्यांनी दुसरा मार्ग धरला. तारा थोड्याच, पण बोटांनी एकच तार हवी तेथे अडवून तिच्यातून अनेक सूर काढायचे. यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके तर त्याहूनही मौजेचे. त्यात तारेचे टोक खुंटीला नसून वाजवणाऱ्याच्या मुठीत असते. मूठ ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. एकाच तारेतून सूर असा लाटेसारखा हेलावतो.

तुणतुणे यांपैकी काहीच करत नाही. नायकाच्या गळ्याला सोयीचा असा सूर लावून घ्यायचा आणि रात्रभर तोच सांभाळायचा, एवढेच त्याचे काम. बैठकीत गवयामागे मिरजेचा तंबोरा झंकारत असतो, तोही हेच करतो. त्याच्या चारही तारा गवई बोटाने कधी दाबत नाही. एक सूर सतत कानी पडत असेल, तरच आपण त्याच्या किती वर गेलो, किती खाली आलो, हे गाणाऱ्याला कळते. नायकाच्या गळ्याचा सगळा पल्ला मुलाच्या हातातल्या तारेपासून मोजला जातो.

हे त्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. उत्तररात्री ते त्याचे त्यालाच कळते. आख्यान रंगात आलेले असते. हवेत दव उतरते, त्या ओलीने कातडे सैल पडते, खुंटीही किंचित फिरते आणि तार हळूच उतरते. पेंगणाऱ्या मुलाच्या ते ध्यानात येत नाही. नायकाचा आवाज मात्र एका वळणावर अडखळतो. ऐकणाऱ्यांना काही उमगत नाही, पण नायक मान वळवून मागे पाहतो आणि हळूच म्हणतो, “तार बघ रे, बाळा.”

मुलाची झोप उडते. तो तुणतुणे कानाशी नेतो, खुंटी केसभर पिळतो, छेडतो, पुन्हा पिळतो. सूर जुळतो. पुढच्याच ओळीत नायकाचा आवाज निःशंकपणे वर चढतो, आणि संबळवाला मुलाकडे पाहून हसतो. त्यानंतर पहाटेपर्यंत मुलाचा कान त्या तारेपासून हलत नाही.

फटफटीत उजाडते. आरती होते, दिवटी शांत केली जाते. माणसे पांगतात. मुलगा खुंटी उलटी फिरवून तार सैल करतो आणि तुणतुणे झोळीत ठेवतो.