आईचं मशीन आणि पांढुर्ण्याचं पाणी

भोपाळहून गाडी निघाली की इटारसी, बैतूल, मुलताई अशी स्टेशनं येतात. मुलताईला तापीचा उगम. तिथून पुढे गाडी सातपुडा उतरू लागते आणि डब्यातली भाषाही बदलते. "कहाँ उतरेंगे?"च्या जागी "कुठं उतरता, बाई?" ऐकू आलं की समजायचं, पांढुर्णा आलं. पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. आमच्या घराचा मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता मात्र अजून नागपूरलाच.

मागच्या पोळ्याला मी गेले ती सणासाठी कमी आणि वॉशिंग मशीनसाठी जास्त. आईचं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन बंद पडलं होतं. बाबांनी घेतलेलं, बारा वर्षांचं. वाळवणाऱ्या टबाची मोटर गेलेली, खालचा पत्रा गंजलेला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात होता.

फोनवर आई म्हणाली होती, "काही घाई नाही." घरी पोचले तर मोरीत बादली, बाजूला पिळलेल्या चादरी आणि आईचं उजवं मनगट सुजलेलं. वर्षापूर्वी मोडलेलं तेच मनगट. तीन आठवडे ती हातानं धूत होती आणि आम्हा तिघा भावंडांना पत्ता नव्हता.

"काहून सांगितलं नाही?"

"तू तिकडून काय करणार होती बाप्पा? दोन लुगडे तं असतात माहे."

दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्यावरून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. आईचं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. त्या दिवशी ती दार लावून घरात बसते. आम्हीही बसलो, आणि आमची वेगळी गोटमार सुरू झाली.

माझं म्हणणं, फुल ऑटोमॅटिक घ्यायचं. बटण दाबलं की काम संपलं. आईचं म्हणणं, पुन्हा सेमीच. मला वाटलं, नव्याची भीती. पण तिची कारणं ऐकली तेव्हा मी गप्प झाले. नळ रोज येत नाही. सेमीमध्ये पांढऱ्या कपड्यांचं साबणपाणी रंगीत कपड्यांना आणि मग पायपुसण्यांना वापरता येतं. फुल ऑटोमॅटिक टॉप लोड एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज घेतं आणि दर वेळी सोडून देतं. वीज गेली तर? टाकीत पाणी कमी असलं तर? तिला मशीन नको नव्हतं. तिला अडकून पडायचं नव्हतं.

पण सेमीमध्ये ओले, जड कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात टाकावे लागतात. ते काम तिच्या मनगटाचं नव्हतं. कमी पाण्यात भागतं म्हणून मी फ्रंट लोडचंही नाव काढलं. "वाकून कपडे कोण काढीन?" म्हणत तिनं ते निकालात काढलं.

तिसऱ्या दिवशी सौंसरला मावशीकडे गेलो. जाताना जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन घेतलं. मावशीकडे फुल ऑटोमॅटिक टॉप लोड आहे. तिनं मशीन मागून दाखवलं. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर पांढरा थर. आपल्याकडचा दगड काळा, बोअरचं पाणी जड. शाळेत 'दुष्फेन' म्हणून शिकलो ते हेच. साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवलं की थर जास्त बसतो. म्हणून हीटरवालं मशीन आम्ही यादीतून काढलं. मावशीचा दुसरा सल्ला उंदरांचा: खालून शिरून त्यांनी तिच्या मशीनची वायर कुरतडली होती. मशीनच्या तळाला जाळी हवीच.

पांढुर्ण्याच्या दुकानात आईनंच प्रश्न विचारले. "वीज गेली तं पुन्हा पहिल्यापासून सुरू होते का?" दुकानदारानं सांगितलं, "नाही काकू, जिथं थांबली तिथूनच." "वरून बादलीनं पाणी टाकता येते का?" येतं; झाकण उघडून टबात हवं तेवढं ओता, मग मशीन नळातून कमी घेतं. मी पाण्याचा दाब विचारला. पुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलं होतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळाच्या तीन मीटर वर हवं. आमची टाकी थेट स्लॅबवर, उंची थोडी कमी. गवंड्याकडून विटांचा दोन फुटी चौथरा बांधून घ्यायचं ठरलं.

शेवटी सात किलोचं फुल ऑटोमॅटिक टॉप लोड घेतलं. वायफाय नाही, हीटर नाही. आईसाठी सात किलो जास्त, पण दिवाळीला आम्ही सगळे येतो तेव्हाच्या चादरी तिनं मोजलेल्या होत्या. अशा मशीनचं पाणी बहुधा खालच्या पाइपनं उतारावरून जातं, पाइप वर उचलला तर अडतं. आईनं त्याचाही उपयोग शोधला. साबणाचं पाणी मोरीत, आणि शेवटच्या खळबळीच्या वेळी पाइप अंगणाच्या उतारावर, जास्वंदीकडे.

जुनं मशीन दुकानदार बदल्यात घेऊन गेला. टेम्पोत चढवताना आईनं त्याचं झाकण पदरानं पुसलं. कशाला, असं मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मुलताई यायच्या आतच तिचा फोन आला. मागे मशीनचा आवाज होता.

"वीज गेली होती मधात. आली तं आपोआप सुरू झाली, बाप्पा!"

"आणि हात?"

"हात कुठं लावू देते ते?"

आता दर रविवारी मी आधी मनगटाचं विचारते, मग मशीनचं. दूर राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच सांगते: घरी वस्तू पाठवायच्या आधी एकदा जाऊन मोरी बघून या.