मोरूमामांचा फळा

बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील नारळीकरांच्या घरी भिंतीवर दोन फळे होते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. जयंत आणि अनंत या दोन मुलांनी मनसोक्त खडू चालवावा म्हणून ते फळे लावलेले. पुढे मामा मोरेश्वर हुजुरबाजार शिक्षणासाठी त्या घरी राहायला आले आणि त्यांनी एक फळा ताब्यात घेतला. त्यावर ते थोरल्या भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, फळा पुसला जात नसे. या गणितांना परीक्षेत गुण नव्हते आणि ती सुटली नाहीत म्हणून कोणी रागावतही नसे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढच्या आयुष्यात हा फळा वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो.

१९५७ साली ते केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले. रँग्लर हा शब्द मराठी माणसाला रँग्लर परांजपे या आधीच्या मानकऱ्यामुळे ओळखीचा होता, त्यामुळे कौतुकाला वेळ लागला नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व विश्वातील इतर सर्व द्रव्यामुळे येते, ही भौतिकशास्त्रज्ञ माख यांची कल्पना त्याच्या मुळाशी होती. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तेथे असताना मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी वाचली की लेखक सापडतो. नावाचे वजन न पडता कथा तपासली जावी, एवढीच त्यामागची युक्ती.

शिक्षणाबाबत त्यांची मुख्य तक्रार अशी की, भारतात संशोधन स्वतंत्र संस्थांत गेले आणि विद्यार्थी विद्यापीठांत राहिले. शिकणारा तरुण आणि न सुटलेला प्रश्न यांची गाठच पडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली, ती ही फट बुजवण्यासाठी. कुठल्याही विद्यापीठातील प्राध्यापकाने आपला प्रश्न घेऊन यावे. ग्रंथालय, संगणक आणि पुढे गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण वापरावी, ही कल्पना. देशाची प्रगती मोजायची तर मोठ्या यंत्रांइतकीच ती वापरणाऱ्यांची संख्याही पाहावी, हे या रचनेत गृहीत आहे. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने ठेवण्यामागेही तोच विचार होता.

त्याच विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा आयुकाचे संचालक असलेल्या नारळीकरांनी जाहीर विरोध केला. फलज्योतिषाची टिंगल करणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी २००८ मध्ये, नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला आणि संख्याशास्त्रज्ञांना सोबत घेऊन, चाचणी केली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. सर्वोत्तम उत्तर चाळीसपैकी चोवीस बरोबर असे होते आणि सरासरी वीसच्या खाली. नाणे उडवले असते तरी सरासरी वीस आली असती. चाचणीने कोणाची श्रद्धा फारशी हलली असे दिसत नाही. तरी दावा, त्याची कसोटी आणि निकाल एकाच फळ्यावर लिहिले गेले.

ही कसोटी त्यांच्या स्वतःच्या विश्वशास्त्रालाही लावावी लागते. विश्वाला आरंभबिंदू नाही, असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताची बाजू त्यांनी हॉईल यांच्याबरोबर लढवली. १९६५ मध्ये विश्वाच्या उष्ण आरंभाचा पुरावा मानले जाणारे सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तिलाही फारशी मान्यता मिळाली नाही. याला हट्ट म्हणता येईल. पण त्यांनी आपले दावे निरीक्षणांनी तपासता येतील अशा रूपात मांडले, हेही खरे. हार मानेपर्यंत फळा पुसायचा नाही, हा बनारसच्या घरातला नियम इथे जरा जास्तच लांबला असावा.

व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करत. नारळीकर वहीत सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, असे सांगत. कार्ड आले की ते उत्तर लिहीत आणि त्याखाली सही करत.