अव्वांचा विळा आणि लेकीचा चाकू

गेल्या दसऱ्याला लेक बेंगळूरहून घरी आली. खंडेनवमीच्या सकाळी मी नेहमीसारखी घरातली हत्यारं धुऊन पाटावर मांडत होते. विळा, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली विळी, सासूबाईंचा अडकित्ता आणि माझी शिलाईची कात्री. एवढ्यात लेकीनं बॅगेतून एक काळा मिटणारा चाकू काढला आणि कात्रीशेजारी अलगद ठेवला. ऑनलाइन मागवला होता म्हणे. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर ती आता डोंगर चढायला जाते, त्यासाठी.

आमच्या सासूबाई संकेश्वरकडच्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतो आणि लेक अज्जी म्हणते. पंचाहत्तरीला टेकल्या आहेत, पण नजर अजून तीक्ष्ण. त्यांनी कुंकवाचं बोट तसंच वर धरलं आणि विचारलं, ‘‘यातक्क बेकव्वा इदु?’’ कशाला हवं गं हे?

लेक गप्पच राहिली. मीही काही बोलले नाही. पण हा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात घोळत राहिला.

खरं तर आपल्या भागात पात्याशिवाय कुणाचा दिवस उजाडत नाही. ऊसतोडीला कोयता, तंबाखूच्या कापणीला विळा, भांगलणीला खुरपं. निपाणीच्या गल्ल्यांतून दुपारी चालत गेलं तर उंबऱ्याउंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, हातात कात्री. पानाची कापणी त्या बोलता बोलता करतात, खाली बघतही नाहीत. आपली हाताची कात्री मात्र दुसरीला सहसा देत नाहीत. हात बसलेलं हत्यार हे चपलेसारखं असतं, दुसऱ्याला ते चावतं.

शब्दसुद्धा आपण दोन्ही घरांतून उचललेले आहेत. माझ्या माहेरची विळी ती अव्वांची ईळगी. आपला अडकित्ता तर मूळचा कानडीच, त्यातली अडकी म्हणजे सुपारी. विळ्याला अव्वा कुडगोल म्हणतात. चाकू मात्र दोन्हीकडे चाकूच, तो फारसीकडून आला आणि दोन्ही भाषांनी वाटून घेतला. लोहार म्हणजे कंबार. घोडगेरीचे ज्ञानपीठ विजेते चंद्रशेखर कंबार यांच्या आडनावातही तीच भट्टी आहे.

आता अव्वांच्या प्रश्नाचं उत्तर. ते सांगायचं तर 2019 च्या ऑगस्टकडे जावं लागेल.

आमचं घर वेदगंगेच्या काठच्या गावात आहे. त्या वर्षीचा पूर सीमाभागातलं कुणीच विसरलेलं नाही. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. आमचे हे कामासाठी कोल्हापूरला गेले होते, ते तिकडेच अडकले. घरात अव्वा, मी आणि कॉलेजात शिकणारी लेक. गोठ्यात गाय, तिचं वासरू आणि चंद्री म्हैस.

संध्याकाळी पाणी परड्याच्या कडेला होतं. ‘‘सकाळी बघू,’’ असं मीच म्हणाले. रात्री दोनच्या सुमारास चंद्रीच्या हंबरण्यानं जाग आली. दार उघडलं तर गोठ्यात गुडघाभर पाणी. जनावरं बिथरून मागं ओढत होती, त्यामुळं नायलॉनच्या दाव्याच्या गाठी दगडासारख्या घट्ट बसल्या होत्या. ओल्या बोटांनी त्या सुटेनात.

माझ्याकडे एक चाकू होता. यात्रेत घेतलेला, चकचकीत पात्याचा, मिटणारा. खताची पोती फोडायला मी तो वापरायची. तो उघडायला पात्याच्या खाचेत नख घालावं लागे. ओल्या, गारठलेल्या हातांनी नख काही बसेना. शेवटी दातांनी उघडला. पोत्यांवर चालून चालून त्याची धार केव्हाच गेली होती, तो दाव्यावरून नुसता घसरत होता. मी जोर लावला. त्या चाकूला पातं धरून ठेवणारी कळ नव्हती. जोर उलटा बसला आणि पातं माझ्याच बोटावर मिटलं.

त्याच वेळी उंबऱ्यातून अव्वा ओरडल्या, ‘‘कुडगोल ता! लगू ता!’’ लेकीनं आढ्याला खोचलेला दातेरी विळा आणला. अव्वा कमरेला पदर खोचून पाण्यात उतरल्या. करवतीसारखे दोन हेलकावे, आणि गाईचं दावं तुटलं. मग वासराचं. चंद्री गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला, खोलगट जागेत होती. तिथं पोचेपर्यंत धडपडून ती पडली होती, दाव्यानं मान खाली ओढली गेली होती. अव्वांनी तिचंही दावं कापलं. पण ती उठली नाही.

चंद्री आठ वर्षं आमच्या घरी होती. तिच्या दुधावर लेकीची कॉलेजची फी भरली होती. माझ्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक आजही बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही. पण त्याहून जास्त लागतं ते ‘सकाळी बघू’ हे माझं वाक्य, आणि कधी धार लावली नव्हती तो चाकू.

दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची पानं वाटून झाल्यावर लेक अज्जीजवळ बसली आणि म्हणाली, ‘‘अज्जी, आईच्या चाकूला कळ नव्हती ना? म्हणून कळ असलेला शोधला. एक मला, आणि चांगला निघाला तर दुसरा आईला.’’

अव्वांनी काही न बोलता चाकू हातात घेतला. उघडला, मिटवला. मग तिघींनी मिळून त्याची अशी काही परीक्षा घेतली की एखाद्या स्थळाचीसुद्धा घेत नाहीत! त्यातून जे कळलं ते इथं सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कळ. मिटणारा चाकू उघडल्यावर पातं जागेवर अडकलं पाहिजे आणि आपण सोडवल्याशिवाय मिटता कामा नये. सिनेमातल्या रामपुरीसारखं बटण दाबून फटकन उघडणं वेगळं आणि ही कळ वेगळी. ही आपली बोटं वाचवायला असते. लेकीच्या चाकूची कळ घट्ट होती. पात्यावर अंगठ्यासाठी टिकली होती, त्यामुळं तो एका हातानं उघडत होता. ज्याचा एक हात दाव्यात किंवा फांदीत गुंतला आहे, त्यालाच याची किंमत कळते.

दुसरी लांबी. तिचं पातं पाच इंचांचं निघालं, टोक भाल्यासारखं. फळ चिरायला, दोरी कापायला, पाकीट फोडायला तीन इंच पुरतात, म्हणजे साधारण चार बोटं. लांब पातं खिशात मावत नाही, आणि चारचौघांत काढलं की समोरचा दचकतो. कायद्याचंही भान हवं. शस्त्र नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत आहेत, घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली सोडून. म्हणून शेतात चाललेल्या माणसाच्या हातातला कोयता हे अवजार ठरतं. तोच मिरवणुकीत दिसला तर पोलीस विचारणारच. शस्त्रबंदीचा हुकूम लागलेला असेल तेव्हा लहानसुद्धा घरीच ठेवावा. सांबऱ्याला विमानात बसताना चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, तो खाली जाणाऱ्या सामानात टाकायचा.

डोंगर चढणाऱ्या मुलांना आणखी एक सांगायला हवं. वल्लभगडावर किंवा राजहंसगडावर जाणं वेगळं आणि खानापूरच्या भीमगड अभयारण्यात जाणं वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. लेकीला हे ठाऊक नव्हतं. तिनं लगेच मैत्रिणींना फोन लावला.

तिसरी गोष्ट लोखंड. स्टेनलेसचं पातं गंजत नाही. घामाच्या खिशात, पावसात आणि लिंबू चिरायला ते बरं. साधं कार्बनचं पोलाद लवकर गंजतं, पण दगडावर चटकन धार घेतं. स्वित्झर्लंडच्या त्या प्रसिद्ध लाल चाकूची एक गोष्ट लेकीनं सांगितली. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिरानं 1891 मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले. आई वारल्यावर त्यानं तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं. पुढं 1921 मध्ये स्टेनलेस पोलादाचा ‘इनॉक्स’ हा शब्द त्याला जोडला गेला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. अव्वांना सगळ्यात आवडलं ते हेच, की चाकवाला आईचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही निपाणीला आमच्या नेहमीच्या लोहारमामांकडे गेलो. डोंगरात काट्याकुट्यात कामाला येईल असा न मिटणारा लहान चाकू हवा होता. त्याला सांधाच नसतो, त्यामुळं मोडायची भीती कमी. मामांनी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. हायवेवर लाखो मैल धक्के खाल्लेलं ते पोलाद चिवट असतं. तापवून, ठोकून आकार दिला, मग लाल करून पाणी पाजलं. नुसतं पाणी पाजलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, दगडावर पडलं तर तुटेल. म्हणून ते घासून पुन्हा हलक्या आचेवर धरलं. पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढल्याबरोबर मामांनी ते बाजूला घेतलं. ‘‘निळं होऊ दिलं तर धार टिकत नाही, ताई,’’ ते म्हणाले. पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलं आहे ना, तेवढं मी बघून घेतलं. अर्ध्यात संपणाऱ्या पात्याची मूठ जोर लावला की हातात येते. म्यान चामड्याचं करून घेतलं.

मामा पैसे नको म्हणाले. अव्वांनी ऐकलं नाही. लोखंड फुकट घेऊ नये, नातं तुटतं, असं त्या मानतात. मजुरी दिलीच, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं.

पाच इंचांचा काळा चाकू लेकीनं परत पाठवला आणि तीन इंचांचे दोन मागवले. जाताना मी तिला एकच गोष्ट बजावली. रात्री उशिरा घरी येताना भीती वाटते म्हणून हा जवळ ठेवू नकोस. झटापटीत चाकू हिसकावला जातो आणि आपल्यावरच उलटतो. भीती वाटली तर माणसांत जा, फोन लाव. हा दोरीसाठी आहे, फळासाठी आहे, अडकलेलं सोडवण्यासाठी आहे. ‘‘कळलं गं आई,’’ ती म्हणाली. पण मी तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

धारेचं काम आता माझ्याकडे आहे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं, हे माझं बोट मला रोज सांगतं. दगड ओला करायचा, पात्याची पाठ थोडी उचलून, साधारण 20 अंशात धरायची आणि दोन्ही बाजू सारख्या वेळा फिरवायच्या. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला की झालं. पुसून कोरडं करून पात्याला खोबरेल तेलाचं बोट, आणि मिटणाऱ्याच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. दातेरी विळ्याला मात्र दगड चालत नाही. त्याचे दात कानशीनं काढावे लागतात, ते लोहारमामाच करतात.

2021 च्या जुलैमध्ये वेदगंगा पुन्हा चढली. यमगर्णीला हायवे पुन्हा बंद झाला. त्या वेळी गाय, मोठं झालेलं वासरू आणि नवी म्हैस, तिन्ही जनावरं आम्ही दिवसाउजेडी माळावर नेऊन बांधली. विळा हाताशी होता, पण लागला नाही. कारण तोवर अव्वांनी आम्हा सगळ्यांना टोक ओढलं की सुटणारी गाठ शिकवली होती. ती त्यांना लहानपणापासून येत होती. सून म्हणून इतकी वर्षं राहून मी ती कधी विचारली नव्हती.

आता मृगाच्या आधी आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. अव्वा गोठ्यात जातात, दाराच्या आत खांद्याच्या उंचीवर मारलेल्या खिळ्याला विळा आहे का ते हात लावून बघतात. मग मला हाक मारतात आणि प्रत्येक दाव्याचं टोक ओढून दाखवायला सांगतात. पलीकडच्या टोकाचा चंद्रीचा खुंटा रिकामाच आहे. त्या खोलगट जागेत आम्ही पुन्हा जनावर बांधलं नाही.