गोठलेल्या नदीवरची होडी

मिनियापोलिसची माणसे थंडीबद्दल कुरकुर करीत नाहीत. ती थंडीचे आकडे सांगतात. आपल्याकडे लग्नात किती पंगती उठल्या ते सांगावे, तसे. पुण्यात पारा दहावर उतरला की आपण कानटोप्या बाहेर काढतो आणि वर्तमानपत्रे ‘कडाक्याची’ हे विशेषण. 2017 च्या जानेवारीत मी भाच्याकडे तिथे गेलो, तेव्हा शून्य हा अंक वरच्या माडीवर कुठेतरी राहायला गेला होता आणि आम्ही तळघरात होतो.

भाचा मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करीत होता. मिसिसिपी नदी या विद्यापीठाच्या मधोमध वाहते. काही इमारती या काठाला, काही त्या काठाला. मधल्या पुलाला दोन मजले आहेत. खालून मोटारी आणि आगगाडी, वरून पायी जाणारे. या पायी जाणाऱ्यांसाठी भिंती आणि छप्पर घालून एक लांबलचक ओसरीच बांधली आहे. शहरातही तोच प्रकार. 1962 पासून दुकाने, कचेऱ्या, हॉटेले दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या पुलांनी जोडत जोडत असे केले आहे, की माणसाने अंगात ओव्हरकोट न चढवता मैलोगणती हिंडावे. थंडीचा एवढा अभिमान मिरवणाऱ्यांनी तिला चुकवण्याची एवढी तजवीज करावी, याची मला गंमत वाटली.

“मामा, अभिमान शनिवारचा असतो,” भाचा म्हणाला. “सोमवारी कामावर जायचं असतं.”

शनिवारी तिथे फुटबॉल असतो. म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्यात पायाचा संबंध बेताचाच. 1924 सालापासून विद्यापीठाचा संघ उघड्या मैदानावर खेळत असे. 1982 मध्ये तो शहरातल्या एका बंदिस्त क्रीडागारात गेला. त्याचे छप्पर कापडी, आत हवा भरून फुगवलेले. आत ऊब होती, कोरडे होते, सगळे होते. पण लोक काही रमले नाहीत. अखेर 2009 मध्ये विद्यापीठाने आपल्या आवारात पुन्हा उघडे मैदान बांधले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बर्फाच्या भाराने ते फुगवलेले छप्पर फाटून खाली आले. उघड्या मैदानाच्या कैवाऱ्यांना याहून मोठी साक्ष कोणती हवी?

मी गेलो त्या आठवड्यात गावात एकच विषय होता: नवा कोच. जुन्याला 3 जानेवारीला काढले. त्यामागे काही खेळाडूंवरचे गंभीर आरोप आणि त्यावरून संघाने पुकारलेला बहिष्कार होता. तिसऱ्या दिवशी पी. जे. फ्लेक यांची नेमणूक जाहीर झाली. वय 36, करार पाच वर्षांचा, रक्कम एक कोटी ऐंशी लाख डॉलर. (भाच्याने आपल्या विद्यावेतनाशी त्याचे गुणोत्तर काढले आणि कागद फाडून टाकला.) फ्लेक यांचे ब्रीद ‘होडी वल्हवा’. बाहेर नदी गोठत चाललेली, तेव्हा गावात कोट्यांना ऊत आला. ब्रीदामागची हकिकत मात्र हसण्याजोगी नाही. 2011 मध्ये त्यांचे तान्हे बाळ गेले. त्या दुःखातून त्यांनी हे शब्द धरले आहेत.

“दक्षिणेतली पोरं या बर्फात कशाला येतील?” हा प्रश्न तिथे प्रत्येक कोचच्या वेळी निघतो. खरे पाहता सामन्यांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो. बरेचसे खेळ आल्हाददायक हवेत होतात. थंडीचा डाव पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. नव्या मुलांनी करारावर सह्या करायचा दिवस त्या वर्षी 1 फेब्रुवारी होता. म्हणजे त्यांना विद्यापीठ दाखवायला आणायचे ते ऐन जानेवारीत! घर विकणाऱ्याने गिऱ्हाईक नेमके छप्पर गळताना आणावे, तसलाच प्रकार.

शेजारी ऐंशी उलटलेले एक गृहस्थ राहत. त्यांना हा प्रश्न विचारताच त्यांनी मला 1954 सालात नेले. तेव्हा गावाला कोच हवा होता आपल्या मातीतला, बड विल्किन्सन. आले मरे वॉर्माथ, टेनेसीचे, मिसिसिपी राज्यातून. दक्षिणी माणूस! 1958 मध्ये नवांपैकी आठ सामने हरले, पुढच्या वर्षी नवांपैकी सात. लोकांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला, घरासमोरच्या हिरवळीवर कचरा टाकला.

त्या काळी दक्षिणेतली मोठी विद्यापीठे काळ्या मुलांना संघात घेत नसत. वॉर्माथ यांनी त्या मुलांना बोलावले. नॉर्थ कॅरोलिनातून बॉबी बेल आले, कार्ल एलर आले. पेनसिल्व्हेनियातून सँडी स्टीफन्स. स्टीफन्सना त्यांनी क्वार्टरबॅक केले. डाव चालवणारी ही जागा काळ्या खेळाडूला सहसा कोणी देत नसे. 1960 मध्ये हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. 1962 च्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या उन्हात रोज बाउल जिंकला, 21 विरुद्ध 3.

“त्या मुलांना थंडी वाजली नसेल का?” मी विचारले.

“वाजली असणारच,” म्हातारबा म्हणाले. “पण त्यांच्या गावी दार बंद होतं. इथं दार उघडं होतं, बाहेर बर्फ होता, एवढंच.”

मला हे उत्तर थोडे सोयीचे वाटले. पुतळा फासावर लटकवणारे हात याच गावचे, हे मी बोलून दाखवले. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही. वॉर्माथ 1971 पर्यंत कोच राहिले, एवढे सांगितले. आणि मग म्हणाले, की निवृत्तीनंतरही ते टेनेसीला परतले नाहीत. 2011 मध्ये याच राज्यात वारले, 98 वर्षांचे होऊन.

भाच्याला त्या आठवड्यात ॲरिझोनाहून नोकरीचे पत्र आले होते. तिकडे जानेवारीत लोक अंगणात बसून जेवतात म्हणे. पत्र चार दिवस टेबलावर चहाच्या कपाखाली पडले होते. रात्री चांगला हातभर बर्फ पडला; सकाळी सातला खरखर ऐकू आली म्हणून पडदा सारला, तर म्हातारबा फावडे घेऊन आमच्या दारातली वाट मोकळी करीत होते. भाचा बूट शोधत धावला.

“मामा, दुसरं फावडं कुठं ठेवलंत?”