सवकास

आमच्या घरात तंबाखूला फारसा मान नव्हता. आजोबांची पानातली तंबाखू चालायची, गड्यांची विडी चालायची. घरच्या मुलानं काही पेटवलेलं मात्र चालत नसे. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर, वीस वर्षं सरकारी फायली सरकवून झाल्यावर, माझ्या हातात कोराकरकरीत पाईप आला तेव्हा मी गांगरलोच.

दिला मामानं. मामा तारवटी. उभा जन्म बोटीवर गेलेला. शेवटच्या फेरीत कुठल्याशा बंदरावर त्यानं हा पाईप घेतला होता, घरी जाऊन सोप्यावर बसून निवांत ओढू म्हणून. पण घरी येतो तो डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून धूर कायमचा बंद केला. पाईप पेटीतच राहिला. एका पावसाळ्यात त्यानं तो माझ्यापुढे ठेवला नि म्हणाला, "माझ्यानं नाही होणार आता. तू मुरव."

लोणचं मुरतं हे ठाऊक होतं. पाईपही मुरवावा लागतो हे मामाकडून कळलं. पाईपचं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी ही गाठ. ती तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात आणि मग कोरतात. फ्रान्समधलं सें-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामासाठी प्रसिद्ध आहे. हे लाकूड सहसा जळत नाही, पण कोऱ्या वाटीत सणसणीत निखारा ठेवला तर तेही करपतं. म्हणून आत हळूहळू काजळीचा थर बसू द्यायचा. ओढणारे त्याला केक म्हणतात. हा थर लाकडाला आच लागू देत नाही आणि धुरातला ओलावाही शोषून घेतो.

आईच्या बिडाच्या तव्याचंही असंच होतं. नवा असताना पहिली आंबोळी चिकटायचीच. अर्धा कांदा तेलात बुडवून ती रोज तवा पुसायची, आणि कधीतरी एक दिवस आंबोळी आपसूक सुटायची. नेमकी कधी, ते कोणाला कळत नसे.

तर, पहिल्या काही वेळा वाटी एक तृतीयांशच भरायची, मग अर्धी, मग पूर्ण. तंबाखू खाली सैल, वर किंचित दाबून. एकदा पेटवायची, फुगली की हलके दाबायची आणि पुन्हा पेटवायची. झुरके इतके सावकाश घ्यायचे की वाटी हाताला उबदार लागावी, चटका बसता कामा नये. ओढून झाल्यावर गरम असताना दांडी उपसायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाईपला विश्रांती द्यायची. मी घाई केली की मामा आरामखुर्चीतून म्हणायचा, "सवकास रे बाबा, सवकास!"

चार-पाच दिवस हे सोप्यावर चाललं. मग बायकोनं एका रात्री विचारलं, "तुम्ही पाईप मुरवताय की मामांना धूर पाजताय?" मी चपापलो. आपल्या गोव्यात १९९७ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध कायदा झाला, त्याची परिपत्रकं मी स्वतः फायलीला लावली होती. आणि घरात, फुप्फुसं गेलेल्या माणसाशेजारी मी हे करत होतो! त्याला तो वास हवा होता, हेही खरं. पण त्याला हवं ते देणं आणि त्याच्या भल्याचं करणं, दोन्ही एकदम होत नव्हतं.

मग मी कुळागराच्या कडेला जाऊन ओढू लागलो. पाईप निवला की झटकून मामाकडे न्यायचो. तो करंगळी आत घालून भिंत चाचपायचा, नाकाशी धरायचा. एकदा म्हणाला, "वर बसलाय थर. बूड मात्र कोरंच आहे. तू अर्ध्यावर सोडतोस."

खरंच होतं ते. तळाशी तंबाखू ओलसर होते, जिभेला चुरचुरते, आणि मी पाईप झटकून मोकळा होत असे. पण मला ते पाईपपुरतं वाटलं नाही. एम. ए. अर्ध्यावर सोडलं, खात्याची बढतीची परीक्षा अर्ध्यावर सोडली. मामाला हे सगळं माहीत होतं. तो आणखी काही बोलला नाही.

मामा त्याच वर्षी दिवाळीनंतर गेला. बारावं झाल्यावर एका संध्याकाळी मी कुळागरात जाऊन पाईप अर्धा भरला आणि तळापर्यंत ओढला. जीभ पोळली, तीनदा विझला, तीनदा पेटवला. शेवटी वाटीत राखाडी, कोरडी राख उरली. करंगळी घालून पाहिलं, बुडाला खरखरीत काहीतरी लागलं.

त्यानंतर मी तो पेटवलेला नाही. घरात मुलगी आहे, आणि मामाच्या शेवटच्या रात्रींचा खोकला अजून कानात आहे. चांगला थर नाण्याच्या जाडीइतका असावा म्हणतात. त्याहून जाड झाला तर तापून फुगतो आणि वाटीलाच तडा देतो. माझा जेमतेम कागदाएवढा आहे. मामाच्या हिशेबानं हेही अर्ध्यावरच.

मुलगी विचारते, "बाबा, आतून घासून स्वच्छ करू?" मी म्हणतो, नको. राहू दे तसाच.