सात अधिक म्हणजे किती?

मित्रांनो, आई-बाबांच्या मोबाइलवर नवा गेम उतरवून घेताना त्याचं पान नीट वाचता का? नावाखाली एक छोटासा आकडा असतो. ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+. आपलं लक्ष असतं चांदण्या किती मिळाल्या त्याकडे. आकडा बिचारा तसाच राहतो.

हा आकडा टाकतं तरी कोण? मुंबई-दिल्लीत कुणी साहेब दिवसभर गेम खेळत बसतात आणि मग शिक्का मारतात, असं वाटतं ना? (अशी नोकरी असती तर अर्धी शाळा अर्ज घेऊन धावली असती!) पण तसं नाही बरं का. गूगल प्लेवर गेम ठेवायचा, तर तो बनवणाऱ्यालाच एक प्रश्नावली भरावी लागते. मारामारी आहे का? रक्त दिसतं का? भीतीदायक दृश्यं आहेत का? शिव्या, दारू, जुगार? उत्तरं भरली की यंत्र हिशेब करतं आणि प्रत्येक देशाच्या रिवाजाप्रमाणे आकडा देतं. या व्यवस्थेचं नाव ‘इंटरनॅशनल एज रेटिंग कोअलिशन’. ती २०१३ साली सुरू झाली. पुढे कुणी तक्रार केली, तर माणसं गेम तपासतात आणि आकडा बदलतातही. पण सुरुवातीला पेपर सोडवणारा तोच, ज्याची परीक्षा आहे तो!

याच्या मागे एक भांडण आहे. १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाच्या मारामारीच्या गेमवरून अमेरिकेच्या संसदेत मोठी चर्चा झाली. सरकार कायदा करील या धाकानं गेम कंपन्यांनीच १९९४ मध्ये वयाचे शिक्के देणारं मंडळ काढलं. युरोपचे शिक्के २००३ मध्ये आले.

सिनेमाचं वेगळं. तिथे प्रमाणन मंडळाची माणसं अख्खा सिनेमा स्वतः बघतात आणि मग प्रमाणपत्र देतात. १९५२ च्या कायद्यात ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, असे दोन कप्पे होते. १९८३ मध्ये मधला ‘यूए’ आला. बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही, ते पालकांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ. आता चार वर्षांचं पिल्लू आणि अकरा वर्षांचा दांडगट एकाच कप्प्यात कसे बसतील? तरी ते चाळीस वर्षं बसले. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ‘ए’ असेल तर टॉकीजवाला तुम्हाला आत सोडणार नाही. हे तीन भाग मात्र पालकांना सांगण्यापुरते आहेत.

म्हणजे फिरून फिरून गाडी घरावरच येते. आणि घरात काय होतं, ते मी यंदाच्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे पाहिलं. मी अमरावतीचा. बडनेरा, मूर्तिजापूर करत तीन दिवसांसाठी गेलो होतो. अकोल्याचा मे तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. कूलरसमोर पाच पोरं आणि दोन मोबाइल. भाची तेरा वर्षांची, भाचा अकरा, त्यांचा चुलतभाऊ पंधरा, शेजारचा एक नऊ वर्षांचा आणि त्याची सहा वर्षांची बहीण.

नऊवाला एका भुतांच्या गेमसाठी रडत होता आणि पंधरावाला देत नव्हता. “मले भेव नाई लागत!” हा त्याचा मुद्दा. “तुले नाई लागत, पण रातच्याला लाइट चालू ठेवून कोन झोपते?” हा दादाचा. मुद्दा दोघांचाही खरा होता.

मी त्यांना एक जुनी वही दिली. म्हटलं, तुम्हीच मंडळ व्हा. गेम खेळा, वय लिहा, पण कारणही लिहा. नुसता आकडा चालणार नाही.

दोन दुपारी वही भरत होती. आणि काय सांगू, ही पोरं आई-बाबांपेक्षा कडक निघाली! भुतांच्या गेमला त्यांनी १३ लावले. सहावालीला भूत दिसलं तेव्हा काहीच वाटलं नाही, ती हसली. पण दिवा विझून बारीक संगीत सुरू झालं, तशी ती भावाच्या मागे लपली. भाचीनं कारण लिहिलं, “भूत नाही, भुताची वाट पाहणं.” प्रश्नावलीत असं बारीक कुणी विचारत असेल का?

गाड्यांच्या एका साध्या गेमवर ३+ होतं. मारामारी नाही, शिवी नाही. पण हरलं की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या! भाच्यानं तिथे १५ लिहिले. पैसे मागतो, ही सूचना अशा पानावर बारीक अक्षरात असते, पण आकडा सहसा त्यानं वाढत नाही. मला महाभारतातला सारीपाट आठवला. त्यात रक्ताचा थेंब नाही, फासे आणि सोंगट्याच. प्रश्नावलीत पण लावल्याचं कुणी लिहिलं नाही, तर ३+ मिळायला हरकत नाही!

बहिणीच्या सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वक्ताले कायचे आकडे बावा? दंडारीत राक्षस आला, का मायच्या पदरात तोंड खुपसाचं.” भुलाबाईच्या गाण्यांत तर सासुरवासच सासुरवास, आणि ती म्हणायच्या सात-आठ वर्षांच्या पोरी. पण तिथे अंगणात आया बसलेल्या असत, खिरापत ओळखायची असे. मोबाइलच्या खेळात पोर एकटंच असतं. हा फरक मला मोठा वाटतो.

खरी गाठ पडली ती एका १२+ च्या गेमवर. चौघांचा गट करून खेळायचा, बेट जिंकायचं. आकड्याप्रमाणे तेरा वर्षांच्या भाचीला चालतो, अकरा वर्षांच्या भाच्याला नाही. घरात बरोबर उलटं होतं! भाचा खुशाल खेळायचा आणि भाचीला बंदी. भाऊजींचं म्हणणं, त्यात अनोळखी लोक बोलतात, पोरीचा आवाज ऐकून कोण काय बोलेल सांगता येत नाही. ही काळजी काही खोटी नाही. पण भाचीनं मला विचारलं, “मामा, वाईट ते लोक बोलणार, मग खेळ माझा का बंद?” आता जावयासमोर सासरच्या माणसानं काय बोलावं? मी म्हटलं, “वहीत लिही.”

तिनं लिहिलं, “वय १२. मुलगा असो की मुलगी. बोलणं बंद ठेवून, आणि गटात ओळखीचेच.” खाली पाचही जणांच्या सह्या. भाच्यानं सही करायला फार वेळ लावला. का, ते तुम्हीच ओळखा.

संध्याकाळी भाऊजी दुकानातून आले. वही चहाच्या कपाशेजारीच ठेवलेली होती. त्यांनी सुरुवातीपासून वाचली, गाड्यांच्या गेमपाशी हसले आणि शेवटच्या पानावर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पंधरावाल्याला विचारलं, “हे बोलणं बंद कुठून होते?” त्यानं बटण दाखवलं. “अन् समोरच्यानं चालू केलं तर?” त्याचंही बटण निघालं. भाऊजींनी दोन्ही बटणं स्वतः दाबून पाहिली आणि मोबाइल घेऊन खेळायला बसले. दुसऱ्याच मिनिटाला बाद!

“असं नाही बाबा, आधी झाडामागे जायचं,” भाची म्हणाली.

“दाखव बरं,” ते सरकून बसले.

“अन् माझं काय?” भाचा कोपऱ्यातून ओरडला.

“तुझी सही आहे ना इथं? पोळ्याच्या मागंपुढं बारा पूर्ण होतात तुले. तवा पाहू.”